पहिला घास

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. सोनबाच्या लग्नाला विघ्न एकच होतं, पण ते दरसाल नव्यानं उगवायचं. एका साली पऱ्हाटी बुडाली, एका साली सासू वारली, एका साली पावसानं जवारी काळी पडली, आणि ज्या साली काहीच झालं नाही त्या साली गोमाजी म्हणाला, "अबे, यंदा सारं बरं हाये, तं घाई कायले? पुढच्या वर्सी धूमधडाक्यात करू." असं करता करता सात वर्षं गेली.

सोनबा हा खैरटोला या गोंडवस्तीतल्या गोमाजीकडे लमझना होता. मुलीच्या बापाला द्यायला ज्या गोंडाच्या पोरापाशी काही नसतं, त्यानं सासऱ्याच्या घरी राबावं आणि राबून बायको मिळवावी, त्याला लमझना म्हणतात. बोली तीन वर्षांची झाली होती. लग्न लागेपर्यंत लमझन्यानं घरात झोपायचं नाही, गोठ्यात झोपायचं. चुलीपाशी बसायचं नाही, ओसरीवर बसायचं. बायको होणाऱ्या पोरीशी बोलायचं ते कामापुरतं. सोनबा विसाव्या वर्षी आला तेव्हा सखू चौदाची होती. आता तिच्या बरोबरीच्या पोरींची लेकरं गुरांमागे जाऊ लागली होती, आणि सोनबा अजून बैलांच्या शेपट्या मोजत झोपत होता.

त्याला आणावं लागलं ते जंगलूमुळे. जंगलू गोमाजीचा एकुलता एक पोरगा. ऐन पेरणीच्या तोंडावर त्यानं बापाची बैलजोडी सिंदीच्या बाजारात नेऊन विकली आणि तिथूनच परागंदा झाला. त्या साली गोमाजीनं आणि त्याच्या बायकोनं जू आपल्या खांद्यावर घेऊन तिफण ओढली. म्हातारी त्यानंतर कधी ताठ उभी राहिली नाही. मालगुजारी उठली आणि सात एकर जमीन गोमाजीच्या नावावर झाली, तेव्हा ते ऐकायला ती उरली नव्हती.

यंदा मात्र गोमाजीनं बडादेवाची आण घेतली होती. कापूस निघाला की माघात हळद. लग्नाचा बोकडसुद्धा तयार होता. सोनबानं दोन वर्षं त्याला बोरीबाभळीचा पाला तोडून घातला होता, आणि बोकडाच्या पाठीवरून हात फिरवताना त्याच्या मनात बोकड नसायचा, सखू असायची. हे टोल्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. बाया त्यावरून त्याला चिडवायच्याही.

मार्गशीर्षातली दुपार होती. गोमाजी, सखू आणि सोनबा कापूस वेचत होते. बोंडाच्या सुकल्या टोकांनी सोनबाची बोटं नखांपाशी चिरली होती. ओटी भरत आली होती. तेवढ्यात जामकडच्या वाटेनं कोणीतरी काठी टेकत, पाय ओढत येताना दिसलं. गोमाजीला दहा हातांवरचं माणूस धड ओळखू येत नसे, पण या माणसाला त्यानं बांधावरूनच ओळखलं. ओटी तिथंच सोडून म्हातारा पळत सुटला. धोतर पऱ्हाटीला अडकून फाटलं, त्याची त्याला शुद्ध नव्हती.

"जंगलू! माहा जंगलू!"

पाचेक पावलांवर आला तेव्हा जंगलूनंच काठी आडवी धरली.

"बा, हात नको लावू. पायात किडे पडले."

गोमाजी हात पसरलेलाच उभा राहिला. सोनबा मागून आला. जंगलूच्या नडगीला चिंध्या गुंडाळल्या होत्या आणि चिंध्यांतून वास येत होता. सडकेच्या कामावर दगड फोडताना धोंडा पायावर पडला, मुकादमानं हाकलून दिलं, एका ट्रकवाल्यानं दया येऊन जामला सोडलं, असं तो सांगत होता. गाल आत गेलेले, डोळे मोठे झालेले. सात वर्षं सोनबानं या माणसाचा मनातल्या मनात गळा दाबला होता. आता समोर आला तर दाबायला गळाच उरला नव्हता. याचाच त्याला जास्त राग आला.

ज्याच्या अंगात किडे पडले तो जातीबाहेर, ही तिथली रीत. जिवंतपणी किडे पडतात ते मोठ्या पापानं, असं जुने लोक मानत. लहानू महाजन टोल्याचा पंच होता. त्यानं ओसरीखालीच उभं राहून सांगितलं, "घरात घेऊ नको, गोमाजी. हात लावू नको. पाणी देजो तं वरून टाकजो. बरा झाला की तो रीतीनं जेवण देईन, मंग जातीत येईन."

"जेवण द्याले त्याच्यापाशी काय हाये?"

"ते त्याचं त्यानं पाहावं. जो चुकला त्यानं जेवण द्याव."

जंगलूला ठेवायचं कुठं? गोठ्यात. एका कोपऱ्यात बैल, दुसऱ्यात जंगलू आणि मधे सोनबा. एकानं घर बुडवलं आणि एकानं घर तारलं, पण दोघांची अंथरुणं एकाच छपराखाली आली. सखू दोन भाकऱ्या आणायची. एक सोनबाच्या हातात द्यायची, दुसरी जंगलूच्या पुढ्यात पानावर वरून टाकायची. भाऊ ओंजळ धरून बसायचा आणि ती उभ्यानं पाणी ओतायची. पाणी ओतताना ती दुसरीकडे बघत असे.

तिसऱ्या दिवशी गोमाजी म्हणाला, "सोनबा, उद्या त्याले मिशनच्या दवाखान्यात नेजो."

"अन् वेचणी?"

"वेचणी होत राह्यते, बावा."

सात वर्षांत वेचणीच्या दिवसांत सोनबाला ताप आला तरी वेचणी कधी 'होत राहिली' नव्हती. पण त्यानं बैल जुंपले. लमझन्याला नाही म्हणायची सोय नसते.

दवाखाना म्हणजे कौलांच्या दोन खोल्या. सुमित्राबाई नावाची नर्सबाई तिथं होती. पन्नाशीची, जाड भिंगांचा चष्मा, पांढरं लुगडं. तिनं चिंध्या सोडल्या आणि नाक न मुरडता जखमेत टर्पेंटाइन ओतलं. किडे वर येऊ लागले तसा जंगलू गुरासारखा ओरडला.

"धरा हो याचा पाय," बाई म्हणाली.

सोनबा भिंतीपाशीच उभा राहिला. "बाई, आमच्यात याले हात लावत नाई."

"मग पोत्यानं धरा. पण धरा."

त्यानं गाडीतलं पोतं आणलं आणि पोत्यातून तो पाय धरला. पाय नुसतं हाड होता. बाई चिमट्यानं एकेक किडा काढून ताटलीत टाकू लागली. जंगलूचं ध्यान दुसरीकडे लागावं म्हणून ती बोलत होती. येशूनं सांगितलेली गोष्ट आहे म्हणाली. एका शेतकऱ्याला दोन मुलगे. धाकट्यानं बाप जिवंत असतानाच वाटा मागून घेतला, दूरच्या मुलखात गेला आणि सगळं उडवलं. मग दुष्काळ पडला. हा कोणाची तरी डुकरं राखायला राहिला. डुकरांना टाकलेल्या शेंगांनी तरी पोट भरावं असं त्याला झालं. शेवटी म्हणाला, जावं परत, बापाच्या घरी गडी म्हणून राहीन. तर बापानं त्याला लांबूनच पाहिलं आणि धावत जाऊन मिठी मारली. नवे कपडे घातले, पोसलेलं वासरू कापलं आणि गावाला जेवण दिलं.

जंगलू ओरडायचा थांबला होता. "बापानं जेवण देल्लं?"

"बापानं."

"पोरानं नाई?"

"पोराजवळ काय होतं द्यायला?" बाई म्हणाली. "देवाची क्षमा तशीच असते. ती विकत मिळत नाही."

सोनबाची पोत्यावरची पकड ढिली झाली होती. त्यानं विचारलं, "अन् तो मोठा पोरगा? त्याचं काय झालं?"

बाईनं चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "तो शेतातून आला. वाजंत्री ऐकली आणि रागावून बाहेरच थांबला. म्हणाला, इतकी वर्षं मी राबतो आहे, मला कधी एक करडू दिलं नाही. बाप बाहेर आला आणि त्याची मनधरणी करू लागला."

"मंग? गेला का आत?"

"ते सांगितलेलं नाही."

"असं कसं? गोष्ट अर्धी हाये का?"

"तेवढीच आहे," बाई म्हणाली, आणि पट्टी बांधू लागली.

आणखी चार वेळा सोनबा त्याला घेऊन गेला. जखम भरत आली, लाल मांस दिसू लागलं. तसा जंगलूला कंठ फुटला. संध्याकाळी गोमाजी गोठ्याच्या कुडापलीकडे येऊन बसायचा आणि जंगलू अलीकडून त्याला बाईची गोष्ट सांगायचा. शेंगा, डुकरं, बापाची धाव, कापलेलं वासरू, सगळं साग्रसंगीत. सोनबा बैलांना कडबा टाकत ऐकत होता. मोठ्या भावाचं जंगलूनं काही सांगितलंच नाही. गोष्ट जेवणापाशीच संपवायचा.

आणि गोमाजीच्या डोक्यात ती गोष्ट घुसली ती घुसलीच. त्यानं ती कायद्यासारखी धरली. पंच बसले तेव्हा तो म्हणाला, "जेवण मी देतो. बाप देते. मिशनच्या लोकायत तशी रीत हाये."

"आपल्यात नाई," महाजन म्हणाला.

"आपल्यात नाई तं नाई. पण मना तं नाई ना? तुमाले बोकड खायाशी मतलब. तो पोरानं कापला का बापानं कापला, तोंडाले काय समजते?"

पंच हसले. महाजनालाही हसू आलं. मग त्यानं विचारलं, "बोकड कोणता?"

गोमाजी खाली बघू लागला. घरात बोकड एकच होता.

सोनबा ओसरीच्या कडेला उभा होता. कानशिलं तापली. पण खरा घाव पुढेच होता. जातीत परत घेताना चुकलेल्याच्या हातचा पहिला घास कोणीतरी खावा लागतो. तो घास खाणारा त्याचं पाप आपल्या पोटात घेतो. मग बाकीचे जेवायला मोकळे होतात. गोंडांत कुळं देवांच्या आकड्यावरून ओळखतात; घास खाणारा भाऊबंदांतला चालत नाही, दुसऱ्या देवांचा लागतो. खैरटोल्यातली सगळी घरं सात देवांची, म्हणजे सगळे भाऊच. गिरडकडचा एक म्हातारा या कामाला यायचा, पण तो गेल्या उन्हाळ्यात वारला होता.

महाजनाची नजर फिरत फिरत ओसरीच्या कडेला आली. "सोनबा सहा देवाचा हाये."

"मले माहा लगन कराचं हाये माघात," सोनबा म्हणाला.

"मले मालूम हाये, बावा." महाजन हळू आवाजात म्हणाला. घास खाणाऱ्याला वर्षभर हळद लागत नाही, हे तिथं कोणाला सांगायची गरज नव्हती. "जबरदस्ती नाई. नाई म्हण. मंग जंगलू राह्यते तसाच गोठ्यात. दुसरा माणूस भेटेपर्यंत."

म्हणजे आधी त्याचा बोकड घ्यायचा, मग त्याचं वर्ष घ्यायचं, आणि वर म्हणायचं जबरदस्ती नाही! सोनबा तिथून निघाला आणि शेतात गेला. दुसरं जाणार कुठं? त्याच्या रागालासुद्धा गोमाजीच्याच शेतात जावं लागत होतं.

तो वेचू लागला. दोन्ही हातांनी, बोंडं ओरबाडल्यासारखी. चिरल्या बोटांचं रक्त कापसाला लागत होतं. अर्ध्या तासानं गोमाजी बांधावर आला. धापा टाकत बसला.

"आत चाल, बावा."

सोनबा वळला. सात वर्षांत जे ओठांआड दाबलं ते एकदम सुटलं. "सात वर्सं झाले, मामा! म्या कधी नाई म्हणलं? तुमचे बैल याच पोरानं इकले. मामी जू ओढून मेली. मी आलो, म्या घर उभं केलं. मले एक दिस चुलीपाशी बसवलं नाई तुमी. अन् तो किडे घेऊन आला तं त्याले बोकड, अन् तोबी माह्या लग्नाचा! वरून त्याचं पाप म्याच खाव?"

गोमाजीनं सगळं ऐकून घेतलं. मग बांधावरचं ढेकूळ हातात घेऊन तो ते कुस्करत बसला.

"एक सांगू का? एकाई वर्सी पीक आडवं आलं नाई, सोनबा. मीच आडवा आलो."

"म्हणजे?"

"लगन झालं का तू सखूले घेऊन आपल्या गावाले जाशीन. पोरगा गेला, बुढी गेली. मंग त्या घरात मी अन् चुलीतली राख. म्हणून दरसाल काई ना काई काढलं. जवारी काळी पडली होती ते खरं हाये, पण लग्नापुरती घरात होती. कणगीत दडवली होती म्या." तो क्षणभर थांबला नाही. "जंगलूनं मले एकदा लुटलं. म्या तुले सात वर्सं लुटलं. त्याच्यासाठी पंच तरी बसले. माह्यासाठी कोण बसते? माहं तं कोणाले मालूमच नाई."

तो पाया पडायला वाकला. सोनबानं झटक्यानं पाय मागे घेतला. सासऱ्यानं जावयाच्या पाया पडणं ही काय शोभा? तिथून त्याला पळून जावंसं वाटलं. त्या क्षणी त्याला गोमाजीचा जेवढा संताप आला तेवढा जंगलूचासुद्धा कधी आला नव्हता. कणगीत जवारी होती. आणि त्या साली सोनबा गोठ्यात पडून 'पुढच्या वर्सी' म्हणत स्वतःची समजूत काढत होता. त्यानं पाठ फिरवली. परत वेचू लागला. गोमाजी बराच वेळ बसला आणि मग आपला आपण उठून गेला.

सकाळी विहिरीवर सखू भेटली. तिला सगळं कळलं होतं. बापानंच सांगितलं असावं. तिचे डोळे सुजलेले होते. दोर ओढता ओढता ती म्हणाली, "चाल, पळून जाऊ."

कामापुरतं बोलायची रीत तिनं एका झटक्यात विहिरीत टाकली होती. सोनबाच्या हातून बादलीच सुटली असती.

"पळून गेलो तं दोघंई जातीबाहेर," तो म्हणाला. "वापस याले जेवण द्या लागन. बोकड कुठून आणतं?"

सखूला रडता रडता हसू फुटलं. "म्हणजे कुठूनई जा, वाट बोकडावरूनच जाते."

"हाव."

तिनं घागर भरली, चुंबळ डोक्यावर ठेवली, पण घागर उचलली नाही. "ऐक. खाशीन तं माह्यासाठी म्हणून खाऊ नको. अन् नाई खाशीन तं तेबी माह्यासाठी म्हणू नको. मी वरीसभर थांबीन. थांबाची आदत झाली मले. पण उद्या तू मनात गाठ ठेवून माह्या घरात आला, तं ते मले नाई चालन."

एवढं बोलून तिनं स्वतःच घागर डोक्यावर घेतली आणि गेली.

जेवण अमावास्येच्या दुपारी झालं. बोकड सकाळीच कापला होता. सोनबा त्या वेळी मुद्दाम पऱ्हाटीत गेला होता, पण आवाज तिथंवर आला. जंगलूचं मुंडण केलं, त्याला आंघोळ घातली. सोन्याचा मणी बुडवलेलं पाणी महाजनानं गोंडीत काहीतरी पुटपुटत त्याच्या डोक्यावर शिंपडलं. पळसाच्या पत्रावळी मांडल्या गेल्या. सगळा टोला दोन ओळींत बसला. मधे मोकळ्या जागेत एकच पत्रावळ होती, आणि तिच्यापुढे कोणी नव्हतं.

गोमाजीनं कोणाला काही म्हटलं नाही. तो पंगतीत बसलाही नाही, कुडाला टेकून उभा राहिला. रस्सा गार होऊ लागला, तवंग थिजू लागला. म्हातारे खाकरू लागले.

सोनबा पऱ्हाटीतून आला. हातपाय धुतले आणि त्या पत्रावळीपुढे येऊन बसला. मनात क्षमा होती असं मुळीच नाही. मनात रागच होता. पण रागाला घेऊन बसायलाही जागा लागते, आणि त्या टोल्यात तेवढी एकच जागा त्याच्यासाठी मांडलेली होती.

जंगलू लंगडत आला. भाकरीचा तुकडा आणि मटणाची फोड त्यानं पत्रावळीवर ठेवली. ठेवताना रस्सा सोनबाच्या गुडघ्यावर सांडला. "भाऊ..." तो म्हणाला आणि मागे सरला.

सोनबानं घास तोंडात घातला. तो खाली उतरेना. महाजन त्याच्या गळ्याकडे बघत होता. सगळेच बघत होते. थुंकला असता तरी कोणी अडवणार नव्हतं. सात वर्षांत पहिल्यांदा सगळं घर, सगळा टोला त्याच्या एका घोटासाठी थांबला होता. त्यानं कुडाकडे बघितलं. गोमाजीनं डोळे मिटून घेतले होते.

सोनबानं घास गिळला.

"झालं!" महाजन ओरडला. "जंगलू आपला झाला. वाढा, वाढा!" पंगतीत एकच गलबला उठला, पत्रावळी पुढे सरकल्या. महाजन सोनबाला म्हणाला, "ऊठ, बावा. तुहं काम झालं. तोंड धुऊन घे."

सोनबा उठला नाही. त्यानं पत्रावळीवरून दुसरा घास उचलला आणि हातात धरून कुडाकडे बघत म्हणाला, "मामा."

गोमाजीनं डोळे उघडले.

"हा तुमचा."

आणि त्यानं तो तोंडात घातला. पंगतीतल्या कोणाला काही कळलं नाही. महाजन म्हणाला, "अबे, दुसरा कायचा? एकच असते!" पण गोमाजी कुडाच्या बुडाशी मटकन खाली बसला. फाटक्या धोतराचा सोगा तोंडावर घेऊन, बायको मेली तेव्हा रडला नव्हता तसा तो गावादेखत रडू लागला. पोरगा परत आला त्या आनंदानं म्हातारा रडतो आहे असं लोकांनी धरलं आणि ते जेवू लागले.

घरातून सखू पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि सोनबाच्या समोर बसली. आज रात्रीही आपल्याला गोठ्यातच झोपायचं आहे, अजून वर्षभर झोपायचं आहे, हे त्याला ठाऊक होतं. दोन वर्षं पोसलेल्या बोकडाचं मटण चिवट होतं. सोनबा ते सावकाश चावत राहिला आणि सखू तांब्या धरून त्याचं चावून होण्याची वाट बघत बसली.